सव्वा महिन्याची वही

गेल्या रविवारी बेळगावातल्या वडगावच्या एक काकू आपल्या सुनेला घेऊन आमच्याकडे आल्या. सुनेला चौथा महिना. नवरा नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला, पुढच्या महिन्यात हीही तिकडे जाणार. बसल्याबसल्या तिनं विचारलं, "ताई, तिथला दवाखाना कुठला चांगला?" मी पोरीला मांडीवर थोपटत होते. मी उलट तिलाच विचारलं, "तुमचं लग्नाचं सर्टिफिकेट कानडीत आहे की इंग्रजीत?" काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांना वाटलं, मला प्रश्न नीट ऐकूच आला नाही.

मला नीट ऐकू आला होता. जाताना मीही हाच प्रश्न घेऊन गेले होते. दवाखान्याची काळजी मी नऊ महिने केली आणि दवाखान्यात मी जेमतेम एक रात्र राहिले. ज्या दोन गोष्टींनी मला खरं दमवलं आणि सावरलं, त्यांचा विचार आधी मनातही आला नव्हता. दमवलं बेळगावच्या कागदांनी आणि सावरलं बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठ दिवसांनी. सुनेसाठी कागदावर चार ओळी लिहायला घेतल्या, त्या चार ओळींत मावेनात. म्हणून हे.

माझा नवरा बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात क्वालिटीला होता. २०२१ मध्ये त्याला आइंडहोव्हनला नोकरी लागली, मागोमाग मी गेले. तिथे राहायला गेलं की खेमेंतेत, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, नाव नोंदवावं लागतं आणि लग्न झालंय हे दाखवायला लग्नाचं सर्टिफिकेट द्यावं लागतं. कागद इंग्रजी, डच, फ्रेंच किंवा जर्मन हवा, नाहीतर शपथबद्ध भाषांतरकाराकडून भाषांतर करून घ्यायचं. शिवाय त्यावर अपॉस्टिल हवं. अपॉस्टिल म्हणजे हा कागद खरा आहे असं आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं दिलेलं प्रमाणपत्र. आमचं सर्टिफिकेट कानडीत. बेळगावातल्या एका एजंटानं सगळं करून देतो म्हणून पैसे घेतले आणि मूळ कागदावर लावायचं अपॉस्टिल नोटरी केलेल्या झेरॉक्सवर लावून आणलं. आम्हाला यातलं काही कळत नव्हतं. खेमेंतेतल्या बाईंनी कागद उलटून पाहिला, मान हलवली आणि परत दिला. नंतर करू म्हणून आम्हीही तो कपाटात ठेवला.

दिवस गेल्यावर तो कागद कपाटातून बाहेर काढावा लागला. तिथे मला तपासणाऱ्या दायीनं तिसऱ्या महिन्यात विचारलं, तुमचं लग्न इथे नोंदलंय ना? नसेल तर बाळ जन्मायच्या आधी वडिलांना कचेरीत जाऊन हे मूल माझं आहे असं रीतसर मान्य करावं लागेल. त्यांच्याकडे लग्नाशिवाय एकत्र राहणारी जोडपी पुष्कळ, त्यांना यात काहीच वावगं वाटत नाही. मला मात्र ते फार लागलं. शहापुरात चारशे माणसं जेवून गेलेल्या लग्नाला परक्या दप्तरात जागा नाही आणि नवऱ्यानं स्वतःच्या पोराला कबूल करून घ्यायचं! त्या रात्री मी बाबांना फोन केला आणि रडले.

बाबांनी दुसऱ्या दिवशी धोतर बदललं, पिशवी घेतली आणि रजिस्ट्रार कचेरी गाठली. त्यांच्या साठीत त्यांनी हे केलं, म्हणून तपशिलानं सांगते. नवी नक्कल काढली. त्यात माझ्या नावापुढे बाबांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर, पासपोर्टात मात्र बाबांचं नाव पूर्ण. आपल्याकडे कर्नाटकात आद्याक्षरं लावायची पद्धत, घरात मराठी पद्धतीनं बापाचं नाव पूर्ण, आणि आपण दोन्हीकडचे. इथे वावरताना हे कधी अडत नाही, बाहेरच्या देशात मात्र एकच बाई दोन बायका होते. मग प्रतिज्ञापत्र, मग राज्य पातळीवरचं प्रमाणन, मग अपॉस्टिल. बाबा दोनदा राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रीचे बेंगळूरला गेले आणि दुसऱ्या रात्रीच्या गाडीनं परत आले. पूर्ण अडीच महिने लागले. कागद हातात आला तेव्हा मला सहावा लागला होता. वडगावच्या सुनेला मी म्हटलं, इथे आहेस तोवर हे काम मूळ कागदावर करून घे, नावाचं एकेक अक्षर पासपोर्टाशी जुळवून बघ. तुझ्या बाबांना गाड्या करायला लावू नको.

आता बाळंतपणाचं. नेदरलँड्समध्ये साधी गरोदर बाई डॉक्टरकडे जातच नाही, दायीकडे जाते. शिकलेली, परवानाधारक दायी. बीपी बघते, पोट हातानं चाचपते, बाळाचे ठोके ऐकवते. सोनोग्राफी सगळ्या मिळून तीन, दहाव्या-बाराव्या, तेराव्या आणि विसाव्या आठवड्याची. फॉलिक अॅसिड आणि ड जीवनसत्त्व, बाकी गोळी रक्त कमी असेल तरच. आई दर आठवड्याला विचारायची, "डॉक्टरीण बघितली काय गे?" मी म्हणायची, बघितली. खोटं बोलल्याचं वाईट वाटायचं. शेवटी एक दिवस खरं सांगितलं, तेव्हा पलीकडून आजीचा आवाज आला, "सुईणच की ती. माझी पाचही सुईणीच्याच हातची." बेळगुंदीत आजीची पाच बाळंतपणं घरी झाली होती. त्यातली दोन मुलं गेली, हेही ती लपवत नाही. तिकडच्या दायीच्या हाताशी दहा मिनिटांवर सुसज्ज दवाखाना होता आणि आजीच्या सुईणीजवळ फक्त गरम पाणी होतं, एवढाच फरक. पण तो फरक फार मोठा.

विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत तपासणाऱ्या मुलीनं सहज विचारलं, मुलगा की मुलगी, सांगू का? तिकडे ते सांगतात. मी लहानपणापासून बेळगावच्या प्रत्येक सोनोग्राफी सेंटरात कानडी-इंग्रजी पाटी बघत आलेय की इथे लिंग सांगितलं जात नाही, सांगणं गुन्हा आहे. १९९४ चा कायदा का करावा लागला, तेही मला माहीत आहे. आम्ही दोघांनी एकदमच नको म्हटलं. मला कळलं असतं तर फोनवर सांगावं लागलं असतं, आणि सांगितल्यावर पलीकडे कुणा एखाद्याच्या तोंडून क्षणभर शब्द फुटला नसता तर तो क्षण मी जन्मभर विसरले नसते. तो क्षण मला माझ्या बाळाच्या वाट्याला येऊ द्यायचा नव्हता.

दायीनं पहिल्याच भेटीत आणखी एक सांगितलं होतं. क्रामझोर्खसाठी आताच नाव घाला, उशीर झाला तर माणूस मिळत नाही. क्रामझोर्ख म्हणजे बाळंतिणीची घरी येऊन देखभाल. प्रशिक्षित बाई बाळंतपणानंतर साधारण आठ दिवस रोज काही तास येते. आम्हाला मिळून ४९ तास मिळाले. विमा बराचसा खर्च उचलतो, आपल्याला तासाला पाच युरोच्या आसपास भरावे लागतात. मी फॉर्म भरला, पण मनात म्हटलं, आई येणारच आहे, परकी बाई घरात कशाला? आईचं तिकीट २२ जानेवारीचं होतं. शेंगेन व्हिसावर ९० दिवसांच्या वर राहता येत नाही, म्हणून बाळंतपणाची दिलेली ३१ तारीख, तिच्या थोडं आधी यायचं आणि पुढचे तीन महिने पुरवायचे असा हिशोब होता.

पोर १६ जानेवारीलाच आली, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, पंधरा दिवस आधी. पाणी फुटलं ते हिरवट होतं. दायी घरी आली, तिनं पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, बाळानं आत शी केलीय, आता दवाखान्यात जाऊ. तिकडे चौदा तास गेले. त्याबद्दल फार लिहीत नाही. एवढंच सांगते की कुणी ओरडलं नाही, कुणी नवऱ्याला बाहेर काढलं नाही आणि मुलगी छातीवर ठेवली तेव्हा ती ओली, गरम आणि फार जड लागली. बाळाला एक रात्र निरीक्षणाखाली ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाले, जा घरी. बाळंतिणीला जेवण काय, तर गार ब्रेड आणि चीज. आईला फोनवर सांगितलं तर तिला हुंदका आवरेना. "टाके ओले असताना घरी कसं पाठवलं गे? तुला पेज कोण देणार?"

घरी पोचलो तर क्रामझोर्खची बाई दारात उभी. पन्नाशीची, सायकलवर आलेली, बाहेर उणे तापमान. न सांगता तिनं बूट दाराशी काढले, कोपरापर्यंत हात धुतले आणि बाळाकडे न बघता आधी माझ्याकडे आली. लघवी झाली का? खाल्लंस का? रडू येतंय का? या तीन प्रश्नांनी मी मोकळी झाले. तोवर सगळे बाळाबद्दलच विचारत होते.

पलंग आधीच ठोकळ्यांवर चढवून कमरेइतका उंच करून ठेवावा लागतो, म्हणजे तपासणाऱ्या बाईची पाठ मोडत नाही. ती रोज माझा ताप, नाडी आणि टाके बघायची, बोटांनी पोट दाबून गर्भाशय किती खाली उतरलंय ते मोजायची. बाळाचा ताप, वजन, किती वेळा दूध, किती वेळा शी-शू, सगळं एका वहीत कोष्टक करून लिहायची. तिसऱ्या दिवशी बाळाचं वजन उतरलं आणि मला वाटलं, माझ्या दुधात काही नाही. तिनं माझ्या शेजारी बसून जन्माचं वजन आणि आजचं वजन मांडून दाखवलं, सुरुवातीला असं उतरतंच म्हणाली, आणि पुढचा एक तास बाळाचं तोंड कसं लावायचं तेच शिकवत राहिली. मग खाली जाऊन कपडे मशीनला लावले, संडास घासला, नवऱ्याला ३७ अंशांचं पाणी मोजून बाळाला अंघोळ घालायला शिकवलं. तिकडे वडिलांना पहिला आठवडा पूर्ण पगारी रजा आणि नंतर पाच आठवडे ७० टक्के पगारावर. तो आठवडाभर तिच्या मागे-मागे वही घेऊन फिरत होता. बेळगावात असतो तर सगळ्या बायकांनी मिळून त्याला खोलीतून हाकलला असता, आणि तो काहीच शिकला नसता.

बाळाला ऊब द्यायला तिकडे पत्र्याची गरम पाण्याची बाटली वापरतात, क्राउक म्हणतात. ती पाणी भरून, झाकण घट्ट लावून, उलटी करून, हलवून बघायची, एक थेंबही गळता कामा नये. मग कापडी पिशवीत घालून पांघरुणावर ठेवायची, बाळापासून एक वीत लांब. विस्तव नाही, धूर नाही, पण आपल्याकडच्या शेकाशेगडीचाच तो प्रकार. ती अंतर हातानं मोजायची ते मला अजून दिसतं, पसरलेला तळवा, अंगठा बाळाकडे.

तोवर नावाची घाई. आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसं, आत्या कानात कुर्र करून नाव सांगते, आणि जन्माच्या नोंदीत नाव नंतरही घालता येतं. तिकडे तीन दिवसांच्या आत नावासकट नोंद. गुरुवारी रात्री खानापूरहून वन्सं फोनवर आल्या. नवऱ्यानं फोन बाळाच्या कानाशी धरला आणि त्यांनी तिकडून नाव सांगितलं. शुक्रवारी सकाळी तो खेमेंतेत गेला. बाळाचं नाव, मग बापाचं नाव, मग आडनाव. बाईंनी विचारलं, मुलीचं मधलं नाव पुरुषाचं कसं? त्यानं स्वतःचा पासपोर्ट उघडून दाखवला, त्यातही त्याच्या नावामागे त्याच्या बापाचं नाव. लग्नाचं सर्टिफिकेट मागितलं, बाबांनी आणलेलं. या वेळी कोणी मान हलवली नाही. दहा मिनिटांत जन्माचा दाखला हातात आला. बाराव्या दिवशी पाळणा झाला तो फक्त घरच्यांसाठी.

आई सातव्या दिवशी पोचली. सांबऱ्याच्या विमानतळावरून निघून दोन विमानं बदलून, पहिल्यांदाच देशाबाहेर. कुंदा आणि तूप आणता आलं नाही, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. डिंक, खारीक, आळीव, सुंठ, बाळंतशेपा आणि आमच्या शिवारातला दोन किलो बासमती मात्र आणला. सकाळचे साडेसात वाजून गेले तरी बाहेर काळोख, आईला वाटलं घड्याळच चुकलंय. आणि नऊला ती बाई आली.

मला धास्ती होती. आईला मराठी आणि कानडी येते, थोडी हिंदी. बाईला डच, जर्मन आणि इंग्रजी. पण आईचा सगळा जन्म सीमेवर गेलाय. घरात मराठी, शाळा मराठी, बाजारात आणि कचेरीत कानडी. समोरचा आपली भाषा बोलणार नाही याची तिला सवय आहे, त्यात तिला कमीपणाही वाटत नाही. तिनं बाईला हातानं खुणावून बसवलं आणि आधी चहा दिला.

दहा वाजता बाईनं बेस्खाउट काढले. गोल, खडखडीत टोस्टसारखे, त्यावर लोणी लावून वर गुलाबी-पांढऱ्या साखरेचे बारीक दाणे. मुलगी झाली की गुलाबी, मुलगा झाला की निळे, घरी येणाऱ्या प्रत्येकाला द्यायचे. आईनं एक घास घेतला आणि थांबली. "अगे, ही तर बडीशेप की!" खरंच, त्या साखरेच्या आत बडीशेपेसारखाच दाणा असतो. मी बाईला सांगितलं तशी तिनं छातीवर हात ठेवून खूण केली, दूध येतं म्हणतात. आई उठली, बॅगेतून बाळंतशेपाची पुडी काढली आणि तिच्या तळहातावर चिमूटभर ठेवली. तिनं हुंगलं, एक दाणा चावला आणि मान डोलावली. मी मधे बोलले नाही.

सगळंच असं जुळलं नाही. आईला ओव्याची धुरी द्यायची होती. तिकडे घरोघरी धुराचा गजर लावणं सक्तीचं आहे, आणि बाईनं बाळाच्या फुप्फुसांसाठीही ठाम नको म्हटलं. घुटी आणि मध यालाही नको. मध एका वर्षाच्या आत देऊ नये, त्यातून लहान बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते, हे तिनं मला नीट समजावलं. यात मी तिच्या बाजूनं उभी राहिले. आई एक दिवस माझ्याशी कमी बोलली. मला ते जड गेलं, पण आजही मी तसंच करीन. अंघोळीचं मात्र आईनं जिंकलं. बाथरूमच्या फरशीवर पाय पसरून बसली, बाळाला पायांवर आडवं घातलं, कोपरानं पाणी बघितलं. बाईनं थर्मामीटर बुडवला, एक अंश जास्त म्हणून खूण केली, आईनं एक तांब्या गार ओतला. मग बाई दाराला टेकून उभी राहिली, आईचा हात बाळाच्या मानेखालून फिरताना बघत. आणि शेवटी म्हणाली, हिला सांग, मान फार छान धरते.

बाई गेल्यावर आईनं दुकानातून बिनमिठाच्या लोण्याची पाकिटं आणायला लावली. पाव-पाव किलोची आठ. ते कढवून तूप केलं, आणि त्या रात्री घरात पहिल्यांदा माझ्या माहेरचा वास आला. दुसऱ्या दिवशी डिंकाचे लाडू.

पुढचं पटकन सांगते. आईबाप दोघंही भारतीय असले की तिकडे जन्मून डच नागरिकत्व मिळत नाही. एका वर्षाच्या आत हेगच्या भारतीय दूतावासात जन्माची नोंद करायची, १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ४(१) खाली, बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यायचं. मग तिचा भारतीय पासपोर्ट आणि तिकडचा राहण्याचा परवाना. परवान्याचं कार्ड हातात आल्याशिवाय भारतात यायचं तिकीट काढू नका. विम्यात बाळाचं नाव चार महिन्यांच्या आत घालायचं, १८ वर्षांपर्यंत हप्ता नाही. पासपोर्टाच्या फोटोला पांढऱ्या चादरीवर बाळाला झोपवून डोळे उघडायची वाट बघत बसलो, एक अख्खी दुपार गेली.

सुनेला दाखवायला मी ती क्रामझोर्खची वही काढली. पहिल्या आठ दिवसांची कोष्टकं डचमध्ये, बाईच्या तिरक्या अक्षरात. नवव्या दिवसापासून पुढे रकाने तेच, पण अक्षर आईचं, चौथीपर्यंत शिकलेलं, मोठं आणि सरळ. मला तेव्हा पत्ताच नव्हता, ती रात्री मी झोपल्यावर लिहायची. दूध ९, शी ३, शू ७. पोरीची आई जेवली. पोरीची आई जेवली नाही. पोरीची आई रडली, डोक्याला तेल लावलं. असं चाळिसाव्या दिवसापर्यंत. त्या दिवसाच्या ओळीत रकाने रिकामे आहेत, आडवं लिहिलंय, "आज न्हाऊन झालं. दोघी बऱ्या."

सुनेनं त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला.